३४ पानांचा लेख, १९ महिने: एका गणित-जर्नलच्या सेवेचे परीक्षण

कम्युटेटिव्ह अल्जिब्रा या बीजगणिताच्या शाखेतील आम्हां दोघांचा ३४ पानांचा लेख एका गणित-संशोधन जर्नलकडे पाठवल्यापासून तो त्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होईपर्यंत १९ महिने लागले. जर्नल जुने आहे, संपादक मंडळ नावाजलेले आहे आणि प्रकाशक मोठा आहे. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्याने कोणाचेही नाव देत नाही. परीक्षण त्या जर्नलच्या सेवेचे आहे. पण लेख पाठवण्यापूर्वी लेखकाला जी तयारी करावी लागते ती बाजूला ठेवून या सेवेचे मोल ठरवता येत नाही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

मोजमाप कोणते लावायचे ते आधी सांगायला हवे. गणिताचा लेख आज लेखक स्वतःच टेक (TeX) या संगणकीय अक्षरजुळणी-प्रणालीत जुळवतो, त्यामुळे अक्षरजुळणीसाठी जर्नलची गरज फारशी उरलेली नाही. लेख जगभर पोहोचवण्याचे काम आर्काइव्ह (arXiv) हा इंटरनेटवरचा खुला लेखसंग्रह एका दिवसात आणि विनामूल्य करतो. मग जर्नलकडे राहते ती एकच गोष्ट: त्या विषयाचा जाणकार शोधून, सिद्धता ओळ न् ओळ वाचण्यासाठी त्याला राजी करणे, आणि त्याने वाचून झाल्यावर ‘हे तपासले आहे’ अशी कायमची नोंद ठेवणे. परीक्षकाचे हे वाचन बिनमोबदला असते आणि त्यासाठी त्याच्या स्वतःच्या संशोधनाचे कित्येक दिवस खर्ची पडतात. म्हणून लेखकाची तयारी असो की जर्नलची यंत्रणा, तिने परीक्षकाचे लक्ष किती जपले, एवढ्याच कसोटीवर मी ती पारखली आहे.

जर्नल निवडताना आम्ही क्रमवारीच्या याद्या पाहिल्या नाहीत. आपल्या लेखाच्या संदर्भसूचीतील लेख कुठे कुठे छापून आले आहेत ते मोजले, त्यातून चार नावे पुढे आली, आणि त्या चारांच्या संपादक मंडळांत आमचा विषय खरोखर जाणणारा संपादक कुठे आहे ते पाहिले. हा शोध महत्त्वाचा आहे, कारण परीक्षक निवडणारा माणूस तोच असतो. त्याला विषय परका असेल तर लेख चुकीच्या हाती पडतो आणि काही महिन्यांनी ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढ्या एका ओळीनिशी परत येतो. किती पानांपर्यंतचे लेख घेतले जातात हेही आधीच पाहून ठेवावे, कारण सर्वसाधारण जर्नलांत फार लांब लेखाला जागा मिळणे अवघड जाते.

जुळणीबद्दल थोडक्यात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते (छपाईपूर्वी तपासायची पाने) इतकी नापसंत वाटली की त्यांनी १९७७ मध्ये टेकची आखणी सुरू केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारले. आज गणितात दुसरे काही चालतच नाही असे म्हटले तरी चालेल. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर पायच्या (π) किमतीकडे एकेक अंक सरकतो, हे मला अजूनही मनापासून आवडते: काम पूर्णत्वाकडे जात राहते आणि बदल लहान लहान होत जातात. अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीचा एएमएस-आर्ट हा साचा पहिल्या सादरीकरणाला बहुतेक गणित-जर्नले निमूट स्वीकारतात. जर्नलचा स्वतःचा साचा आधीपासून वापरण्यात वेळ घालवू नये. लेख नाकारला गेला तर तो दुसऱ्या साच्यात ओतण्याचे श्रम वाया जातात.

साच्यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी साध्या आहेत. प्रमेय, लेमा (प्रमेयाच्या वाटेवरचे सहायक विधान), व्याख्या, उदाहरण या सर्वांना एकच क्रममालिका द्यावी, म्हणजे ‘लेमा ३.४’ शोधणाऱ्याला तो ‘प्रमेय ३.३’ आणि ‘व्याख्या ३.५’ यांच्या मध्ये सापडतो. प्रकार प्रकारासाठी वेगळी मालिका ठेवली की ‘लेमा ३.२’ हा ‘प्रमेय ३.७’ च्या नंतर येऊ शकतो, आणि परीक्षकाला पाने उलटत बसावे लागते. ज्या समीकरणाचा पुढे उल्लेख आहे त्यालाच क्रमांक द्यावा. क्रमांक कधीही हाताने लिहू नयेत, खुणेने जोडावेत. शेवटच्या रात्री एक लेमा मध्ये घातला गेला की हाताने लिहिलेले सगळे उल्लेख खोटे ठरतात.

या तयारीत ज्या एका कामाने आम्हांला खरोखर वाचवले ते सांगतो. पाठवण्याच्या आठवड्यात आम्ही संपूर्ण फाइलमध्ये ‘स्पष्टच आहे की’ या अर्थाचे शब्द शोधले. ते १४ ठिकाणी निघाले. प्रत्येक ठिकाणी थांबून कारण पूर्ण वाक्यात लिहून पाहायचे असे ठरवले. दहा ठिकाणी कारण एका ओळीत बसले आणि आम्ही ती ओळच लेखात घातली; तीन ठिकाणी परिच्छेद लागला; एका ठिकाणी कारणच नव्हते. तिथे आम्ही नाकायामाचा लेमा लावला होता: लोकल वलयाच्या (बेरीज-गुणाकार करता येणाऱ्या एका रचनेच्या) मॅक्सिमल आयडियलने (तिच्यातील एका खास उपसंचाने) मॉड्यूलला (त्या वलयावर उभ्या असलेल्या, सदिश अवकाशासारख्या रचनेला) गुणले असता तेच मॉड्यूल परत मिळते, म्हणून ते मॉड्यूल शून्य आहे. पण हा लेमा मॉड्यूल सांतजनित (मर्यादित संख्येच्या घटकांपासून तयार होणारे) असेल तरच लागू पडतो, आणि आमचे मॉड्यूल लोकल कोहोमॉलॉजी नावाच्या रचनेतून आलेले होते, ज्याबद्दल असे सहसा म्हणता येत नाही. हे किती चुकीचे होऊ शकते ते अगदी साध्या उदाहरणात दिसते. एक मूळ संख्या पी घ्या, आणि ज्यांचे छेद पीचे घात आहेत असे सगळे अपूर्णांक घेऊन ज्या दोघांत केवळ पूर्णांकाचा फरक आहे ते एकच माना. या समूहातील प्रत्येक घटक हा दुसऱ्या एखाद्या घटकाची पी पट असतो, म्हणजे पीने गुणूनही समूह तेवढाच राहतो, आणि तरीही तो शून्य नाही. आमची ओळ बरोब्बर या खड्ड्यात पडली होती. निष्कर्ष सुदैवाने खरा होता, पण तो वेगळ्या मार्गाने सिद्ध करायला दीड पान आणि बारा दिवस लागले. हे बारा दिवस आम्ही दिले नसते तर परीक्षकाचे त्याहून जास्त दिवस गेले असते, आणि त्यानंतर उरलेल्या लेखावर त्याचा विश्वास कितपत राहिला असता याची मला शंका आहे.

प्रस्तावनेवर आम्ही उरलेल्या सगळ्या विभागांना मिळून जेवढा वेळ दिला तेवढा दिला. मुख्य प्रमेय दुसऱ्या पानाच्या आत, सर्व गृहीतकांसह, संपूर्ण मांडलेले हवे. त्याआधी काय माहीत होते, नवे काय आहे आणि जुनी पद्धत नेमकी कुठे अडते, हे त्याच्या लगेच नंतर यायला हवे. लेख सिद्धतेत शिरून वाचावा की नाही याचा निर्णय संपादक या दोन पानांवरच करतो. सारांशाचे बंधन निराळे आहे. सारांश लेखापासून सुटून एकटाच माहितीसंग्रहांत फिरतो, म्हणून त्यात ‘[७] मधील प्रमेय’ असले उल्लेख किंवा स्वतः केलेली चिन्हे चालत नाहीत.

विषयसंकेत, म्हणजे लेख गणिताच्या कोणत्या शाखेतला ते सांगणारे ठरावीक संकेत, अनेक लेखक शेवटच्या क्षणी अंदाजाने भरतात, आणि ते मला पटत नाही. मॅथमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशनच्या २०२० च्या आवृत्तीत ६३ मुख्य विभाग आहेत. १३ हा कम्युटेटिव्ह अल्जिब्राचा, आणि त्यात १३डी०२ हा सिझिजी व रिझोल्यूशन या उपविषयांचा. मॅथमॅटिकल रिव्ह्यूज आणि झेडबीमॅथ या प्रसिद्ध झालेल्या गणित-लेखांची समीक्षणे देणाऱ्या दोन संस्था ही यादी मिळून सांभाळतात, आणि पुढे समीक्षणासाठी लेख कोणाकडे जाईल हेही बऱ्याच अंशी या पाच अक्षरांवर ठरते. आम्ही आधी १४ ने सुरू होणारा, म्हणजे बीजीय भूमितीचा संकेत मुख्य म्हणून देणार होतो, कारण मूळ प्रश्न तिथून आला होता. पण सिद्धतेतील प्रत्येक पायरी कम्युटेटिव्ह अल्जिब्राची होती, आणि ती तपासू शकणारा माणूसही तिथलाच असणार होता, म्हणून क्रम उलटा केला.

संदर्भसूची तयार करताना एमआर लुकअप हे संदर्भांचा तपशील शोधून देणारे मॅथमॅटिकल रिव्ह्यूजचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे आणि झेडबीमॅथही २०२१ पासून सर्वांना खुले झाले आहे, त्यामुळे चुकीची पाने किंवा चुकीची वर्षे देण्याला आता सबब राहिलेली नाही. खरी मेख वेगळी आहे. आर्काइव्हवरच्या दुसऱ्या आवृत्तीत ज्या प्रमेयाचा क्रमांक ४.३ असतो तो छापील लेखात ५.१ झालेला असू शकतो. आम्ही आधारासाठी घेतलेल्या ११ लेखांपैकी तीन लेखांत असे क्रमांक सरकले होते. प्रत्येक छापील लेख उघडून क्रमांक पडताळावा, आणि छापील लेख अजून आलेला नसेल तर आर्काइव्हची कोणती आवृत्ती वापरली ते लिहावे.

जर्नलकडे पाठवण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही लेख आर्काइव्हवर ठेवला. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोस येथे सुरू केलेली ही सेवा पुढे कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली, आणि माझ्या मते गणितज्ञांना मिळालेली ही सर्वांत उपकारक सोय आहे. तिच्या काही अटी पहिल्यांदा वापरणाऱ्याला ठाऊक असाव्यात. टेकमधून बनवलेली पीडीएफ ती घेत नाही, मूळ फाइलच मागते. ती मूळ फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतो, म्हणून सहलेखकांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा आधी पुसाव्यात. नव्या सदस्याला त्या विषयातील जुन्या सदस्याची संमती लागू शकते. आणि एकदा जाहीर झालेली आवृत्ती मागे घेता आली तरी नाहीशी करता येत नाही. त्या तीन आठवड्यांत आम्हांला एका अनोळखी वाचकाचे पत्र आले: आमच्या प्रमेयाची एक विशेष स्थिती जुन्या लेखात आधीच सिद्ध झालेली होती. तो उल्लेख घालून आम्ही प्रस्तावना दुरुस्त केली आणि मगच लेख पाठवला.

आर्काइव्ह असताना जर्नल कशाला, असे विचारणारे ग्रिगोरी पेरेलमान यांचे उदाहरण देतात. त्यांनी २००२ आणि २००३ मध्ये पॉइनकारे कंजेक्चर हा दीर्घकाळ न सुटलेला प्रसिद्ध प्रश्न सोडवणारे आपले तीन लेख आर्काइव्हवर ठेवले आणि ते कोणत्याही जर्नलकडे पाठवले नाहीत. पण त्या लेखांतील प्रत्येक पायरी तपासण्यासाठी गणितज्ञांचे अनेक गट पुढची काही वर्षे झटले आणि त्यांनी शेकडो पानांची विवरणे लिहिली. पॉइनकारे कंजेक्चरसाठी जग आपणहून तपासायला बसते. आमच्या ३४ पानांसाठी कोणी आपणहून बसणार नाही, तिथे विनंती करणारा संपादकच लागतो.

आता त्या जर्नलच्या संकेतस्थळाकडे. सादरीकरणाची ही प्रणाली सेवेचा सर्वांत दुबळा भाग आहे. ती सर्व शास्त्रांसाठी एकच बनवलेली असल्याने गणिताला ती पदोपदी बोचते. तिने आमच्याकडून ठळक मुद्द्यांची यादी मागितली, चित्ररूप सारांश मागितला, प्रयोगांच्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत ते विचारले. हे सगळे ‘लागू नाही’ म्हणून पार करता आले. पण पुढच्या पडद्यावर प्रत्येक लेखकाचा वाटा वेगळा सांगणे सक्तीचे होते: कल्पना कोणाची, विश्लेषण कोणाचे, लेखन कोणाचे. गणितात लेखकांची नावे आडनावांच्या अक्षरक्रमाने दिली जातात आणि वाटे मोजले जात नाहीत. फळ्यासमोर दोन वर्षे उभे राहून झालेल्या कामात कोणती कल्पना कोणाची हे प्रामाणिकपणे सांगताही येत नाही. आम्ही दोघांच्या नावापुढे सगळ्याच चौकटींत खूण केली. तरीही या रकान्याने आमच्या पद्धतीचा जो अर्थ लावला तो चुकीचा आहे, आणि गणिताचे जर्नल चालवणाऱ्या प्रकाशकाने तो काढून टाकायला हवा.

शिवाय प्रणालीवरची लाटेकची आवृत्ती जुनी होती. आमच्या यंत्रावर बिनचूक जुळणारा लेख तिथे अकराव्या पानावर अडत होता. त्रुटीचा संदेश अर्धाच दिसत होता. आणि दरम्यान सत्राची मुदत संपून भरलेला अर्ज दोनदा पुसला गेला. आकृत्यांसाठी वापरलेले पॅकेज काढून जुन्या पद्धतीने त्या पुन्हा काढल्या तेव्हा लेख वर चढला. खरे तर पहिल्या सादरीकरणाला परीक्षकाला वाचता येईल अशी पीडीएफ पुरेशी असायला हवी. मॅथमॅटिकल सायन्सेस पब्लिशर्स या ना-नफा संस्थेची एडिटफ्लो ही प्रणाली गणित-जर्नलांच्या गरजा समोर ठेवून बनवलेली आहे, आणि डिस्क्रीट अ‍ॅनालिसिस हे जर्नल तर आर्काइव्हवर असलेल्या लेखांवरच चालते. म्हणजे साधेपणा अशक्य आहे असे नाही, तो करायचे मनावर घ्यावे लागते.

सोबतच्या पत्रात आम्ही सहा वाक्ये लिहिली: मुख्य निष्कर्ष, तो या जर्नलच्या वाचकांना का रुचेल, कोणत्या संपादकाकडे जावा, आणि लेख दुसरीकडे पाठवलेला नाही याची ग्वाही. एकाच वेळी दोन जर्नलांकडे लेख पाठवणे हा आपल्या व्यवसायातील गंभीर गैरप्रकार आहे, आणि त्याचे कारण पुन्हा तेच: दोन परीक्षकांचे महिने एका लेखावर खर्च होतात, त्यांतील एकाचे पूर्ण वाया जातात.

संपादकांबद्दल मात्र मला कृतज्ञताच व्यक्त करायची आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचे स्वतः लिहिलेले उत्तर आले. सहा आठवड्यांनी त्यांनी कळवले की, विषयातील एका जाणकाराचे झटपट मत घेतले आहे, ते अनुकूल आहे, आणि आता लेख पूर्ण परीक्षणासाठी जात आहे. हे झटपट मत लेखकाला फार उपयोगी पडते, कारण नकार यायचाच असेल तर तो दहा महिन्यांनी न येता सहा आठवड्यांत येतो. त्यानंतर प्रणालीवर आठ महिने ‘परीक्षण सुरू’ एवढेच शब्द दिसत होते. सहा महिने उलटल्यावर आम्ही दोन ओळींचे नम्र पत्र लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षक चौथ्या विभागापर्यंत पोहोचले असल्याचे कळले.

इतक्या दिवसांत परीक्षक काय करीत असेल, असे नवख्या लेखकाला वाटणे साहजिक आहे. अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा तिच्यातील उणीव परीक्षकांपैकी निकोलस कॅट्झ यांनी विचारत राहिलेल्या प्रश्नांतून उघडी पडली. ती भरून निघाल्यावर लेख १९९५ मध्ये अ‍ॅनल्स ऑफ मॅथमॅटिक्स या जर्नलमध्ये आला. टॉमस हेल्स यांची केप्लर कंजेक्चरची (सारखे गोल जास्तीत जास्त दाट कसे रचता येतात याबद्दलच्या अनुमानाची) १९९८ मधील सिद्धता १२ परीक्षकांनी काही वर्षे तपासली आणि शेवटी आपली ९९ टक्के खात्री असल्याचे सांगितले. लेख २००५ मध्ये छापला गेला. उलट यितांग झांग यांचा मूळ संख्यांमधील अंतरांवरचा लेख २०१३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅनल्सकडे गेला आणि सुमारे महिन्याभरात स्वीकारला गेला. वेग लेखाच्या थोरवीवर ठरत नाही. योग्य माणूस तत्काळ सापडणे, त्याने हातातले काम बाजूला ठेवणे आणि लेख स्वच्छ लिहिलेला असणे, या तिन्ही गोष्टी जुळून यायला लागतात.

आमचा अहवाल दहाव्या महिन्यात आला: पाच पाने, ३१ मुद्दे. पहिल्या परिच्छेदात परीक्षकाने आमचे प्रमेय स्वतःच्या शब्दांत सांगितले होते, आणि ते आमच्यापेक्षा नेटके होते. सतरावा मुद्दा वाचून मी खुर्चीतून उठलो. लेमा ४.६ च्या सिद्धतेत आम्ही एका पायरीवर एनच्या क्रमगुणिताने भागले होते. क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक (१ स्वतःत किती वेळा मिळवला की शून्य होते ती संख्या; तसे कधीच होत नसेल तर शून्य) शून्य असेल तर ते चालते. ती एखादी मूळ संख्या पी असेल आणि एन पीइतका किंवा त्याहून मोठा असेल, तर ते क्रमगुणित स्वतःच शून्य होते आणि भागाकाराला अर्थ राहत नाही. आमच्या प्रमेयात मात्र कॅरॅक्टरिस्टिकवर कोणतीही अट नव्हती. परीक्षकाने एवढे दाखवून अट घालण्यास सांगितले असते तरी त्याचे काम झाले असते. त्याने पुढच्याच ओळीत सुचवले होते की साध्या घातांऐवजी डिव्हायडेड पॉवर (क्रमगुणिताने भागलेल्या घातांची जागा घेणारे घटक) वापरल्या तर भागण्याची गरजच पडत नाही, आणि प्रमेय जसे आहे तसे सर्व कॅरॅक्टरिस्टिकमध्ये टिकते. ते टिकले. या माणसाचे नाव आम्हांला कधीच कळणार नाही. लेखाच्या आभारात ‘अनामिक परीक्षक’ एवढेच लिहिता आले. जर्नलच्या सेवेतील या भागाला मी पूर्ण गुण देतो, आणि बाकीच्या सगळ्या गैरसोयी मला त्यापुढे सहन करण्याजोग्या वाटतात.

सुधारित लेख आम्ही सहा आठवड्यांत परत पाठवला. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आमचे उत्तर आणि नव्या पानाचा क्रमांक दिला, आणि लाटेकडिफ या साधनाने बदललेल्या ओळी रंगवून दाखवणारी दुसरी प्रतही जोडली, म्हणजे परीक्षकाला ३४ पाने पुन्हा वाचावी लागणार नाहीत. दोन मुद्दे आम्ही मान्य केले नाहीत आणि का ते लिहिले. परीक्षकाने आमचे म्हणणे स्वीकारले. चौदाव्या महिन्यात लेख स्वीकारल्याचे पत्र आले.

इथे काम संपले असे समजणाऱ्या लेखकांना मी कळकळीने सांगतो की मुद्रिते आल्याशिवाय हुश्श करू नये. सतराव्या महिन्यात मुद्रिते आली आणि ती तपासून देण्यासाठी ४८ तासांची मुदत होती. प्रकाशकाने आमची टेकची फाइल आपल्या प्रणालीत रूपांतरित करून घेतली होती, त्यात दोन आकृत्यांतील बाण उलटे झाले होते आणि एका सूत्रातील कंस हरवला होता. हे डोळ्यांना लगेच दिसले. सर्वांत वाईट बदल मात्र दिसायला अगदी निरुपद्रवी होता. ‘नॉनझीरोडिव्हायझर’ ही संज्ञा आम्ही सर्वत्र एका शब्दात लिहिली होती. भाषा तपासणाऱ्याने ती २२ ठिकाणी तोडून ‘नॉनझीरो डिव्हायझर’ केली. पहिलीचा अर्थ शून्यभाजक (शून्य नसलेल्या घटकाशी गुणूनही शून्य देणारा) नसलेला घटक, दुसरीचा अर्थ शून्य नसलेला भाजक. सहाने भागून उरणाऱ्या बाक्यांचे वलय घ्या. त्यात दोन हा शून्य नाही आणि तो चारला भागतो, म्हणून दुसऱ्या अर्थी तो चालतो; पण दोन गुणिले तीन तिथे शून्य होते, म्हणून तो शून्यभाजक आहे आणि पहिल्या अर्थी मुळीच चालत नाही. एका जागेच्या अंतराने आमचे मुख्य प्रमेय खोटे झाले होते, तेही परीक्षकाने तपासून झाल्यावर, आणि त्याच्या वाचनाचा हवाला देणाऱ्या जर्नलच्या छापील पानावर. ज्या वाचनासाठी जर्नलकडे जायचे तेच वाचन शेवटच्या टप्प्यात जर्नलच्या हातून पुसले जाणे, ही माझी या सेवेविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार आहे.

आम्ही दोघांनी दोन दिवस दुसरे काही केले नाही. एकाने मूळ लेख मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचे, चिन्हे आणि विरामचिन्हांसह. ६३ दुरुस्त्या निघाल्या. त्या संज्ञेबद्दल आम्ही वरचे उदाहरण देऊन वेगळे पत्र लिहिले आणि दुसरे मुद्रित मागितले. प्रकाशकाच्या निर्मिती विभागाने सौजन्याने उत्तर दिले, दहा दिवसांत दुसरे मुद्रित पाठवले, आणि त्यात सर्व दुरुस्त्या बरोबर होत्या. हेही नोंदवायला हवे. हक्कांच्या करारात सर्वस्वी हस्तांतर आणि केवळ प्रकाशनाचा परवाना असे दोन पर्याय होते, त्यांतील दुसरा आम्ही निवडला, आणि परीक्षणानंतरची आमची प्रत, जर्नलचा संदर्भ व डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) जोडून, आर्काइव्हवर तिसरी आवृत्ती म्हणून ठेवली. जर्नलची वर्गणी नसलेल्या वाचकाला आता सुधारलेला लेमा ४.६ तिथे वाचता येतो.

नेमणुकीच्या किंवा पदवीच्या ठरलेल्या तारखेपूर्वी स्वीकृतीचे पत्र हवे असेल, त्याने या जर्नलकडे जाऊ नये. वर्ष-दीड वर्ष थांबण्याची तयारी आणि बारकाईने वाचणारा माणूस हवा असेल, त्याने त्याच संपादकाकडे लेख पाठवावा. आमचा पुढचा लेख आम्हीही तिथेच पाठवणार आहोत. फक्त यावेळी सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ अशी असेल की ‘नॉनझीरोडिव्हायझर’ हा एकच शब्द आहे आणि तो कोणत्याही टप्प्यावर तोडू नये.